भाड्याची जीभ

निवडणुकीचे वारे वाहू लागले की मोहल्ल्यातल्या हॉटेलच्या बाकड्यावर, लग्नाच्या मांडवात, कधी नमाजीनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येते : "आपल्या कौमलाही एक प्रशांत किशोर पाहिजे." हे म्हणणारा माणूस बहुधा शिकलेला असतो आणि त्याची तळमळ खोटी नसते. आपली बाजू खरी आहे, फक्त ती मांडणारा कोणी नाही; असा मांडणारा चार पैसे देऊन आणला तर आपले दिवस पालटतील, असे त्याला मनापासून वाटते.

या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. ज्या समाजाला आपले म्हणणे विकत घ्यावेसे वाटते, तो समाज ते म्हणणे स्वतः शोधण्याचे कष्ट टाळत असतो. मी खापरचा. अक्कलकुवा तालुका, सातपुड्याचा पायथा आणि थोडे पुढे गेले की गुजरातची हद्द. इथल्या बाजाराच्या दिवशी भिली, वसावी, अहिराणी, गुजराती, उर्दू, मराठी अशा सगळ्या भाषा एका तासात कानावर पडतात. या भागातल्या उर्दू माध्यमाच्या मुलांना मी शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न मला पुढाऱ्यांच्या तंबूतला न वाटता माझ्या वर्गातला वाटतो. तिथूनच मी तो मांडणार आहे.

धंदा आणि त्याचा नमुना

आधी हा धंदा नीट समजून घेऊ. राजकीय प्रचाराचा सल्लागार म्हणजे सभेची खुर्च्या-मंडप व्यवस्था पाहणारा माणूस नव्हे. तो मतदारसंघाची बूथवार चाचपणी करून घेतो, कोणत्या जातीला काय बोचते याचे तक्ते तयार करतो, घोषणा ठरवतो, यात्रेचा मार्ग आखतो, नेत्याच्या जाकिटाचा रंग निवडतो. टीव्हीवर कोणता प्रश्न येईल, त्याला कशी बगल द्यायची आणि उत्तर आपल्या ठरलेल्या वाक्यावर कसे आणून सोडायचे, याची तालीमही हाच घेतो. नेता बोलतो तेव्हा ओठ त्याचे असतात, शब्द दुसऱ्याचे.

प्रशांत किशोर यांची कारकीर्द हा या धंद्याचा आपल्या देशातला सर्वांत मोठा नमुना. संयुक्त राष्ट्रांच्या सार्वजनिक आरोग्याच्या कामातून आलेला हा बिहारी माणूस २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत नरेंद्र मोदींच्या प्रचारयंत्रणेत होता. 'चाय पे चर्चा' त्याच काळातली. २०१५ मध्ये हेच गृहस्थ बिहारमध्ये नीतीशकुमार आणि लालूप्रसाद यांच्या महाआघाडीसाठी मोदींच्या विरोधात उभे होते. २०१७ मध्ये पंजाबात काँग्रेससाठी काम केले, तिथे यश आले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात काँग्रेससाठीच काम केले, तिथे पक्ष सात जागांवर आला. २०१९ मध्ये आंध्रात जगनमोहन रेड्डी, २०२० मध्ये दिल्लीत केजरीवाल, २०२१ मध्ये एकाच वेळी बंगालात ममता बॅनर्जी आणि तमिळनाडूत स्टालिन. २ मे २०२१ रोजी, बंगालच्या विजयाच्या दिवशीच, हे काम आपण थांबवत असल्याचे त्यांनी जाहीर केले.

न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याला त्यांनी स्वतःच्या पक्षात राहून उघड विरोध केला आणि जानेवारी २०२० मध्ये संयुक्त जनता दलातून त्यांची हकालपट्टी झाली. आपल्या लोकांच्या मनात त्यांच्याविषयी जो ओलावा आहे, तो बराचसा तेव्हाचा. माझे भांडण त्या व्यक्तीशी नाही. आपल्याला तिच्यासारखे कोणी हवेसे वाटते, त्या हवेपणाशी आहे.

कोणी म्हणेल, वकीलही आज फिर्यादीचा आणि उद्या आरोपीचा असतो. मग सल्लागारालाच दोष का? उत्तर सोपे आहे. वकील वकीलपत्र दाखल करतो. तो कोणाच्या वतीने बोलतो हे न्यायाधीशाला माहीत असते, समोर दुसरा वकील असतो, पुरावा तपासला जातो, उलटतपासणी होते. मतदाराला यातले काय मिळते? आपल्या कानावर पडलेले वाक्य कोणी लिहिले, कशासाठी लिहिले, गेल्या निवडणुकीत त्याच हाताने कोणासाठी लिहिले होते, हे त्याला कधीच सांगितले जात नाही. वकिली उघड्यावर चालते, हा धंदा पडद्यामागे चालतो. फरक तिथे आहे.

महाराष्ट्राचा हिशेब

आपल्या महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. अंबाजोगाईत वाढलेले, काही काळ शिक्षकी केलेले प्रमोद महाजन हे या कलेचे आपल्याकडचे जुने उस्ताद. वक्तृत्व, आकडे, जाहिरात आणि टीव्ही यांची मोट त्यांनी बांधली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत 'इंडिया शायनिंग'चा झगमगाट देशभर झाला आणि ज्या सरकारसाठी तो केला ते सरकार गेले. शेतकऱ्याच्या घरातला अंधार जाहिरातीतल्या उजेडाने हटला नाही.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा' हा प्रश्न घराघरांत पोचला. २०१९ मध्ये आदित्य ठाकरे यांची जन आशीर्वाद यात्रा आपल्या खानदेशातून, जळगावहून सुरू झाली. तिच्या आखणीत किशोर यांच्या संस्थेचा हात असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांनी छापले होते. निकाल काय लागला? २०१४ मध्ये एकट्याने लढून ६३ जागा मिळवणारी शिवसेना २०१९ मध्ये युतीत लढून ५६ वर आली. मुख्यमंत्रिपद नंतर मिळाले ते तीन पक्षांच्या वाटाघाटीतून. यात्रेच्या रथातून मिळाले नाही. २०२४ च्या विधानसभेआधी अजित पवार यांच्या राष्ट्रवादीने सल्लागार कंपनी नेमली, गुलाबी जाकिटे आली, गुलाबी फलक आले. पक्षाला ४१ जागा मिळाल्या. यातले किती गुलाबी रंगाचे आणि किती 'लाडकी बहीण'च्या खात्यात जमा झालेल्या पैशांचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

म्हणजे सल्लागार असला की जिंकतोच असे नाही, आणि जिंकला तरी सल्लागारामुळेच असेही नाही. जिंकलेल्या घोड्यावर मात्र तो आपले नाव लिहितो. यापेक्षा मोठा पुरावा किशोर यांनी स्वतःच दिला. २ ऑक्टोबर २०२२ रोजी ते बिहारमध्ये पदयात्रेला निघाले, २ ऑक्टोबर २०२४ रोजी 'जन सुराज' पक्ष काढला. रोजगार, शिक्षण, स्थलांतर असे विषय मांडले. ते विषय चांगलेच होते. मुस्लिम उमेदवारही बऱ्यापैकी दिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल लागला. दोनशेहून अधिक जागा लढवून हातात एकही आली नाही. दुसऱ्यांच्या गळ्यातून बोलताना ज्यांचे शब्द लाखोंनी उचलले, ते स्वतःच्या गळ्याने बोलले तेव्हा लोकांनी ऐकून घेतले आणि मत दुसरीकडे टाकले. जीभ भाड्याने मिळते, भरवसा भाड्याने मिळत नाही. ज्यांना आपल्या कौमसाठी असा माणूस हवा आहे, त्यांनी हा निकाल कागदावर लिहून खिशात ठेवावा.

या तक्त्यात आपण कुठे?

आता खरा मुद्दा. या धंद्याच्या तक्त्यात मुसलमान कुठे असतो? एका रकान्यात असतो. माझा एक जुना विद्यार्थी २०२४ च्या निवडणुकीत अशाच एका कंपनीसाठी घरोघर फिरला. हातात टॅब, महिन्याचा ठरलेला पगार, पदवीनंतर मिळालेले पहिले काम. त्याने सांगितले, "सर, मुस्लिम वस्ती आली की निम्मे प्रश्न गाळायला सांगायचे. म्हणायचे, इथे फक्त मतदान किती टक्के होईल तेवढे भरा." इतरांना रस्ता विचारला, पाणी विचारले, शेतमालाचा भाव विचारला. आपल्या घरी फक्त डोकी मोजली. मग त्याने मला विचारले, "हे काम वाईट आहे का?" मी म्हणालो, काम वाईट नाही, पोट भरणे हलाल आहे, पण जे प्रश्न गाळले ते एका वहीत लिहून ठेव, ते तुझे आहेत. तो मुलगा हुशार आहे. त्याची हुशारी आपल्याच आईबापाला रकान्यात बसवण्यासाठी वापरली गेली, याचे दुःख त्याला कळले होते.

रकान्यात बसवलेल्या समाजाचे काय होते, ते आपण शेजारच्या धुळ्यात पाहिले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. त्यांना मालेगाव मध्यमधून सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी होती. बाकी पाचही विधानसभा क्षेत्रांत मिळून भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. लगेच शब्द आला : 'व्होट जिहाद'. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापासून अनेकांनी तो राज्यभर नेला. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच धुळ्यात पंतप्रधानांनी विधानसभेच्या प्रचाराला सुरुवात करताना 'एक हैं तो सेफ हैं' ही घोषणा दिली. एका समाजाने एकगठ्ठा मत दिले तर तो जिहाद आणि दुसऱ्यांनी एक व्हावे ही मात्र सुरक्षितता! तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातच नापास होणारे हे बोलणे. पण त्याला मराठीत, शांतपणे, दोन मिनिटांत उत्तर देणारी आपली किती माणसे उभी राहिली? आपण रागावलो, खंत केली, मोबाइलवर एकमेकांना मजकूर पाठवला. मजकूर आपल्यातच फिरला.

आणि दुसरी बाजूही सांगतो, कारण ती लपवून वाद होत नाही. तो शब्द त्या निवडणुकीत पहिल्यांदा गाजला तो भाजपच्या मंचावरून नव्हे. उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद मतदारसंघात एप्रिल २०२४ मध्ये विरोधी आघाडीच्या एका मुस्लिम नेत्या बाईंनी सभेत 'व्होट जिहाद' करा असे म्हटले. टाळ्या पडल्या. मग सगळ्या देशात त्या टाळ्यांची किंमत आपण मोजली. बोलताना समोरच्या हजार लोकांपलीकडे कोण ऐकते आहे याचे भान नसणे, हा आपल्या भाषणबाजीचा जुना रोग आहे. हा रोग सल्लागार बरा करत नाही. तो फार तर गोळी देऊन ताप दाबतो.

टीव्हीच्या चर्चेत काय दिसते? पडद्यावर आठ चौकटी आणि त्यातल्या एकीत दाढी-टोपी. त्याला बोलवायचे ते चिडावे म्हणून. तो चिडतो. त्याच्या चिडण्याचा तुकडा कापून रात्रभर फिरवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच 'मुस्लिम समाजाची भूमिका' ठरतो. त्या खुर्चीवर बसायला आपली माणसे राजी होतात, हे त्या वाहिनीचे यश आणि आपले अपयश आहे.

ऐकण्याचे काय?

दोष फक्त बोलणाऱ्यांचा नाही, ऐकणाऱ्यांचाही आहे. आमच्या अक्कलकुव्याचेच उदाहरण घ्या. जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही संस्था उभी करणारे, दीनी तालमीबरोबर वैद्यकी, अभियांत्रिकीची महाविद्यालये काढणारे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी जानेवारी २०११ मध्ये दारुल उलूम देवबंदचे मोहतमिम झाले. एका मुलाखतीत गुजरातमधल्या मुसलमानांविषयी आणि विकासाविषयी ते काही बोलले. त्यातले एक वाक्य छापून आले, गदारोळ झाला, आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला असे ते सांगत राहिले आणि जुलै २०११ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. मौलाना मे २०२५ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. त्यांचे म्हणणे पटो न पटो, तो वेगळा वाद. माझा प्रश्न असा : तेव्हा ज्यांनी घोषणा दिल्या त्यांच्यापैकी किती जणांनी ती मुलाखत पुरी वाचली होती? एका वाक्यावर माणूस उचलायचा आणि एका वाक्यावर पाडायचा, ही सवय ज्या समाजाला आहे, तो समाज सल्लागारांसाठी तयार गिऱ्हाईक आहे. त्यांचा माल तरी दुसरा काय असतो? एक वाक्य.

वादविवाद आणि प्रचार

अमेरिकेत ब्रेट ओ'डॉनेल नावाचे एक गृहस्थ झाले. जेरी फॉलवेल या पाद्र्याने स्थापन केलेल्या लिबर्टी विद्यापीठात ते वादविवादाचे प्रशिक्षक होते. त्या धर्मवादी मंडळींनी वादविवादाच्या चमूवर पैसा आणि मेहनत ओतली, कारण त्यांना उद्याचे वकील आणि पुढारी घडवायचे होते. चमू नावाजला. मग प्रशिक्षकाला राजकारणाने उचलले. २००४ मध्ये बुश, २००८ मध्ये मॅकेन, २०१२ च्या निवडणुकीआधी मिशेल बाकमन आणि मग रॉम्नी, अशा नेत्यांची वादाची तयारी त्यांनी करून घेतली. शेवट चांगला नाही. एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाच्या सार्वजनिक पैशातून प्रचाराचे काम केल्याचे प्रकरण निघाले आणि चौकशीत खोटे सांगितल्याचा गुन्हा त्यांनी २०१५ मध्ये कबूल केला.

या कारकिर्दीत दोन धडे आहेत. पहिला : वर्गात जो वादविवाद शिकवला जातो त्यात विद्यार्थ्याला दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. आज ठरावाच्या बाजूने, उद्या विरोधात. समोरच्याचे म्हणणे त्याच्याइतकेच नीट समजून घेतल्याशिवाय तिथे निभाव लागत नाही. दुसरा : तीच विद्या नेत्याच्या दारात गेली की निम्मी उरते. दोन बाजूंपैकी एकच राहते, प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी प्रश्न चुकवण्याची कला राहते. वादविवाद माणसाला पटवून घ्यायलाही शिकवतो, प्रचार फक्त पटवून द्यायला. आपण मागतो ती दुसरी विद्या, आणि आपल्या मुलांना गरज आहे पहिलीची.

हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांची हकीकत आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. फिरऔनसमोर जाण्याचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी दुआ मागितली की छाती मोकळी व्हावी, जिभेची गाठ सुटावी, लोकांना बोलणे समजावे. आणि भाऊ हारून यांची जबान अधिक साफ आहे म्हणून त्यांना सोबत मागितले. फिरऔनने पुढे त्यांच्या बोलण्याचीच थट्टा केली. म्हणजे चांगले बोलणाऱ्याची गरज असणे यात कमीपणा काही नाही. पण हारून हे कोण? सख्खा भाऊ, त्याच कौमचा, त्याच संकटात जाणारा. आणि समोरच्या बाजूला कोण होते? फिरऔनने शहराशहरांतून जमवलेले जादूगार. त्यांचा पहिला प्रश्न होता, जिंकलो तर मोबदला मिळेल ना? फिरऔन म्हणाला, मिळेल, शिवाय दरबारात जवळची जागाही मिळेल. हे संभाषण वाचले की मला आजच्या करारपत्रांची आठवण होते. आपल्याला हारून हवे आहेत. आपण शोध मात्र जादूगारांचा करतो आहोत.

आपल्याच मातीतली उदाहरणे

हारून सापडत नाहीत असे कोणी म्हणू नये. आमच्याच अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेकाठी मणिबेली नावाचे आदिवासी गाव आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने १९९३ मध्ये ज्यांच्या दारात पाणी आणले, त्यांतले हे पहिल्या फळीतले गाव. तिथल्या माणसांना ना इंग्रजी येत होती ना कॅमेऱ्यासमोर बसायची तालीम होती. ती आपल्या भाषेत, आपल्या जमिनीवर उभी राहून बोलली. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये प्रकल्पाच्या पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले, १९९३ मध्ये बँकेचा पैसा थांबला आणि १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जे निवेदन काढले त्याला नाव दिले 'मणिबेली जाहीरनामा'. धरण झालेच, गाव बुडालेच, हेही खरे. पण पुनर्वसनाचा प्रश्न साऱ्या जगाच्या टेबलावर गेला तो आमच्या तालुक्यातल्या एका गावाच्या नावाने. कुठल्या सल्लागाराने ते नाव सुचवले नव्हते.

त्याच जिल्ह्यात शहादा तालुक्यात टेंभली आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी तिथे आले आणि देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. देशभर छायाचित्रे छापून आली. नंतरच्या वर्षांत पत्रकार पुन्हा पुन्हा त्या गावात गेले आणि रोजगाराच्या, मजुरीच्या तक्रारीच लिहून परतले. टेंभलीत गावाचे छायाचित्र घेतले गेले. मणिबेलीत गाव बोलले. हा फरक मी माझ्या मुलांना दर वर्षी सांगतो.

मराठी मुसलमानाला तर या वाटेवर एकटे वाटायचे कारणच नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गायले, तेव्हा एका मुसलमानाचा आवाज साऱ्या महाराष्ट्राचा आवाज होता. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया तलाकाच्या प्रश्नावर मुंबईत सचिवालयावर चालून गेल्या. दलवाईंशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद होते, आजही आहेत. पण त्या सातजणींच्या तोंडी कोणी घोषणा विकत आणून घातली नव्हती. त्यांच्या घरातले दुःखच त्यांचे भाषण होते. १९९० मध्ये सोलापुरात पहिले अखिल भारतीय मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेही याच हट्टातून की आमच्याबद्दल दुसऱ्यांनी बोलण्याआधी आम्हीच मराठीत बोलू.

मग वर्गात काय करायचे?

आता आपल्या शाळांकडे या. तकरीरी मुकाबल्यात काय होते? भाषण मास्तर लिहितो, मूल पाठ करते, हात कुठे उचलायचा तेही शिकवले जाते. जड शब्द, चार शेर, शेवटी थरथरता आवाज. चषक मिळतो. त्या मुलाला खाली उतरल्यावर एक साधा प्रश्न विचारा, तो मास्तरांकडे बघतो. भाड्याच्या जिभेचा पहिला धडा आपणच चौथी-पाचवीत देतो आणि मग मोठेपणी कौमला सल्लागार हवा वाटतो, यात नवल काय? मराठी शाळांतल्या वक्तृत्व स्पर्धाही फार निराळ्या नाहीत. पण आपली मुले आधीच एका भाषेच्या उंबऱ्याआड उभी आहेत. त्यांचे नुकसान दुप्पट होते.

दुसरीकडे पाहा. रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीने १९८२ पासून कार्यकर्त्यांना आणि लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यांचा विचार मला मान्य नाही. पण चाळीस वर्षांहून अधिक काळ सलग, शिस्तीने माणसे घडवणे याला काय म्हणाल? ते संस्था बांधतात आणि आपण एक माणूस शोधतो.

मी मागतो ते फार नाही. प्रत्येक उर्दू शाळेत आठवड्याला एक तास खराखुरा वादविवाद व्हावा. त्याचे नियम थोडे असावेत. लिहून दिलेले भाषण चालणार नाही. बाजू नाणे उडवून ठरेल, दुसऱ्या फेरीत बाजू बदलेल. समोरच्याचे म्हणणे आधी त्याला पटेल अशा शब्दांत सांगायचे, मगच खोडायचे. आकडा दिला तर तो कुठून आणला हे सांगायचे. समोरच्याचा चांगला मुद्दा मान्य केला तर गुण कापायचे नाहीत, वाढवायचे. एक आठवडा उर्दूत, एक आठवडा मराठीत. विषय आपल्या अंगणातले : मुलींना दहावीनंतर शिकवावे का, लग्नातला खर्च, गावातले पाणी, एसटीची वेळ, शाळेचे माध्यम. आणि शक्य असेल तिथे शेजारच्या आश्रमशाळेतल्या भिल्ल, पावरा मुलांना बोलवावे. ज्यांच्याशी उद्या बाजारात आणि ग्रामसभेत बोलायचे आहे, त्यांच्याशी आज वर्गात वाद घालता आला पाहिजे.

"मराठीत वाद घातला तर उर्दू जाईल," अशी भीती काही पालक बोलून दाखवतात. उर्दू आपल्या घरात आहे, दुआत आहे, शाळेत आहे. ती जाणार नाही. पण ग्रामसेवक, तलाठी, फौजदार, आमदार यांच्याशी उर्दूत हुज्जत घालता येत नाही. ज्या भाषेत आपल्यावर आरोप होतो, त्या भाषेत उत्तर देता आले पाहिजे. हा साधा व्यवहार आहे.

हे सारे कशासाठी, तर पाच टक्क्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांतल्या मागास गटांना पाच टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातले मुस्लिम आरक्षण चालू ठेवायला मुभा दिली. म्हणजे कोर्टाच्या पहिल्या कसोटीवर आपली निम्मी बाजू टिकली होती. सरकार त्याआधीच बदलले होते, अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि तो विरला. आता कुठल्याही मोहल्ल्यात जाऊन विचारा, हा क्रम चार वाक्यांत कोण सांगू शकतो? आमदाराला गाठून "कोर्टाने जे अडवले नाही ते तुम्ही का सोडले?" हा एक प्रश्न कोण विचारू शकतो? हा प्रश्न विचारायला रणनीतीकार लागत नाही. दहावीतली एक मुलगी लागते, जिला कागद वाचता येतो, मराठी येते आणि मोठ्या माणसासमोर उभे राहायची सवय आहे.

अशी मुलगी आपल्या शाळांत आहे. माझ्या वर्गात आहे, तुमच्या घरात आहे. तिला भाषण लिहून देऊ नका. वकील करायचाच असेल तर कोर्टात करा. वर्गात, चौकात आणि ग्रामसभेत तिला तिचे बोलू द्या. ती अडखळेल. तेवढा वेळ थांबून ऐका.